म्हातारीचं जाकीट

गाठ सगळ्यांत आधी माझ्या हाताला लागली होती, आणि मी ती कुणाला सांगितली नाही. एवढं सुरुवातीलाच लिहून टाकतो. नाहीतर जाकिटाचं कौतुक सांगण्याच्या नादात हे मागे पडेल, आणि कौतुक तर मला सांगायचंच आहे.

मी शिंपी. दुकान बेंगळूरूच्या शिवाजीनगरला, वडिलांच्या वेळेपासूनचं. शाळांचे गणवेश हा आमचा मुख्य धंदा. राहायला यशवंतपूरला. आमचं घराणं इतक्या पिढ्या इथे आहे की मूळ गाव कोणतं असं कुणी विचारलं की आम्ही बेंगळूरूच सांगतो. घरात मराठी, पण ती अशी की पुण्याहून लग्न करून आलेली माझी बायको सुरुवातीला ती ऐकून तोंडाला पदर लावायची. मी ‘जरा थांब’ऐवजी कन्नड वळणानं ‘स्वल्प थांब’ म्हटलं की ती तोच शब्द माझ्याच सुरात परत म्हणून दाखवायची. आता ती स्वतः भाजीवाल्या अक्काला ‘बरं, बरं’ऐवजी ‘सरी, सरी’ म्हणत घासाघीस करते. मी मात्र बोलायला पहिल्यापासून कमीच. दुकानात माप घेताना जेवढं बोलावं लागतं, तेवढ्यावर माझं भागतं.

घरात एक गिनी पिग आहे. मुलीनं शाळेत असताना आणलेलं. पांढरं अंग, एका कानाभोवती तपकिरी डाग. तिला मुलीनं ठेवलेलं एक झोकदार नाव आहे, पण वय झाल्यापासून आम्ही तिला म्हातारीच म्हणतो. या जातीत सहा-सात वर्षं म्हणजे आपल्याकडची ऐंशी पार. मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा म्हातारी कुणाच्या हवाली करायची हा प्रश्न आला. बायकोला वाटलं, अर्थातच तिच्या. पण मुलीनं तिला माझ्या मांडीवर ठेवलं.

“आई खूप बोलते आणि कमी बघते,” ती म्हणाली. “अप्पा, तू कापड तपासतोस ना, तसा रोज हिच्या अंगावरून हात फिरव. वय झालं की यांना गाठी येतात. काही लागलं तर मला त्याच दिवशी सांग. दुसऱ्या दिवशी नाही.”

मी मान हलवली. त्या मानेवर तिनं विश्वास ठेवला.

हात मी खरोखर रोज फिरवायचो. थानातला एखादा सुटलेला धागा डोळ्यांना दिसायच्या आधी माझ्या बोटांना लागतो, त्यामुळे गाठ कळली नाही असं म्हणायची मला सोयच नाही. मागच्या पायाच्या वर, कमरेपाशी, चिंचोक्याएवढं काहीतरी कातडीखाली सरकलं. गणवेशांचे दिवस होते. दुकानात कापडाचे ढीग, दारात आया रांग लावून उभ्या, प्रत्येकीला शाळा उघडायच्या आत कपडे हवेत. मला वाटलं चरबी असेल, म्हाताऱ्या अंगाला येतेच. मुलीची परीक्षाही जवळ आली होती. सांगितलं की ती धावत येईल, आणि तिचं वर्ष जाईल. अशी कारणं मी मनात एकाखाली एक रचत गेलो. ती खोटी होती असं नाही, पण खरं कारण त्यांत नव्हतं. मुलीनं मला दिलेलं एकमेव काम बिघडत चाललंय हे मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, एवढंच ते होतं.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. म्हातारीला दाखव म्हणायची. मी म्हातारीला उचलून तिची चांगली बाजू फोनसमोर धरायचो. ती डोळे मिचकावायची, मुलगी तिकडून तिच्याशी लाडात बोलायची, आणि माझी बोटं पलीकडच्या बाजूला त्या गाठीवर असायची. चिंचोक्याचं बोर झालं होतं.

मग एका सकाळी तिथले केस ओले आणि चिकट दिसले. तिनं स्वतःच दातांनी कुरतडून कातडी फोडली होती. आता मी जे केलं ते आमच्या धंद्यातलं आहे. मशीनची सुई बोटात घुसली की आमच्याकडे कुणी दवाखान्यात जात नाही. हळदीची चिमूट जखमेत दाबायची, कापडाच्या चिंधीची पट्टी करकचून बांधायची आणि पुढची टीप मारायची. वडिलांनी हेच केलं, मी हेच करत आलो. माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर त्याच्या खुणा आहेत. म्हातारीची जखम पाहून माझा हात विचार न करता हळदीच्या डब्याकडे गेला. हळद दाबली, वर मऊ पट्टी बांधली. पट्टी तिनं कुरतडून फेकली, पण हळद बसली. थोड्याच दिवसांत वर छान कोरडी, पिवळी खपली धरली. मी समाधानानं दुकानात गेलो.

म्हातारी कोथिंबिरीला आली नाही तेव्हा बायकोला शंका आली. एरवी फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज झाला की शिट्टी मारून घर डोक्यावर घेणारी ती, कोपऱ्यात केस फुलवून बसली होती. बायकोनं तिला उचललं आणि उलटी बाजू पाहिली. मी दारात चपला काढत होतो.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, स्वल्प गाठ होती, त्यावर हळद लावली आहे.

“तुमचं स्वल्प लिंबाएवढं झालंय, अहो,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. “म्हणून रोज पोरीला एकच बाजू दाखवता होय? गिऱ्हाइकाला तरी कधी असा डागाचा कपडा घडी घालून दिला होतात का?”

दिला नव्हता. उभ्या आयुष्यात नाही.

अशा छोट्या प्राण्यांवर उपचार करणारी डॉक्टर तिनंच शोधून काढली, एचएसआर लेआउटमध्ये, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी वेताच्या टोपलीत जुना टॉवेल घालून म्हातारीला घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं आरशातून टोपलीत पाहिलं आणि उंदराला डॉक्टर लागतो का म्हणून हसला. वाटेतल्या सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत त्याला हसायला भरपूर वेळ होता. एरवी मी खिडकीबाहेर पाहिलं असतं. त्या दिवशी म्हणालो की उंदीर नाही, माझ्या मुलीची आहे, आणि ती माझ्यामुळे आजारी पडली आहे. पुढे खड्डा आला की तो रिक्षा सावकाश घ्यायला लागला.

डॉक्टर तरुण मुलगी होती, कन्नड बोलणारी, हातांनी भराभर काम करणारी. तिनं म्हातारीला टेबलावर घेतलं, बॅटरी मारली, आणि पहिलाच प्रश्न विचारला की हे पिवळं काय आहे. माझ्या तोंडून निघालं, स्वयंपाकघरात सांडलं असेल. का म्हणालो, देव जाणे. समोर माझी मुलगी नव्हती, बायको नव्हती, एक अनोळखी बाई होती, आणि तरी मी चांगलीच बाजू पुढे केली.

तिनं बॅटरी बंद केली. म्हणाली, “अण्णा, ही काही सांगू शकत नाही. तुम्हीही खोटं सांगितलंत तर मी उपचार कशावर करू? हा रंग कातडीचा आहे, पुवाचा आहे की डब्यातला, ते मला कळायला हवं.”

मग मी सगळं सांगितलं. गाठ कधी लागली, किती वाढली, कधी फुटली, हळद कशी दाबली. खिशातून दोन कॅप्सूल काढून टेबलावर ठेवल्या. मागे मला दात दुखताना दिलेल्या, घरात उरलेल्या. त्याच सकाळी त्या म्हातारीला पाण्यात कालवून द्याव्यात असं माझ्या मनात आलं होतं. डॉक्टरनं त्यांवरचं नाव वाचलं आणि त्या सरळ कचऱ्यात टाकल्या. हे औषध पोटात गेलं असतं तर गिनी पिगच्या आतड्यातलं सगळं तंत्र बिघडलं असतं, ती बहुधा वाचली नसती, असं ती शांतपणे म्हणाली. ती रागावली नाही, मला बसायला स्टूल पुढे सरकवलं. हळद विष नाही, पण वरून झाकण घट्ट बसलं, आत पू साठत गेला, आणि पिवळ्या रंगात लाली कुणाला दिसली नाही, एवढंच तिनं सांगितलं.

तिनं तो भाग बधिर करून गळू उघडलं. आतून दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट पू निघाला. मी म्हातारीचं डोकं तळव्यात धरून उभा होतो. तिचं काळीज माझ्या बोटांवर मशीनच्या सुईसारखं चाललेलं. सगळं धुऊन झालं तेव्हा तिथे माझ्या अंगठ्याचं टोक मावेल एवढं भोक राहिलं. डॉक्टर हातमोजे काढायला लागली.

मी म्हणालो, दोन टाके घाला ना. दोरा बारीक असेल तर दिसणारही नाहीत.

ती हसली. “भोक दिसलं की शिवायचं, हा तुमचा धंदा, अण्णा. हे शिवायचं नाही. रोज धुवायचं आणि उघडं ठेवायचं. वरून खपली धरायला लागली तर भिजवून काढायची. आतून भरत भरत वर येऊ दे. घाई केलीत तर परत तेच होईल.”

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ कोमट सलाईन बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरून जखम आतून धुवायची. आधी सलाईन बाहेरच सांडायचं, मग हात बसला. बायको टॉवेलात गुंडाळून तिला धरायची आणि तिच्या कानाशी पुणेरी मराठीत माझ्या तक्रारी करायची. तो वेळ माझ्या शिक्षेचाच होता, पण तिचे हात एकदाही ढिले पडले नाहीत. खाणं बंद होऊन चालत नाही, या प्राण्यांचं पोट थांबलं की संपलं. म्हणून भिजवून मऊ केलेला चारा दुसऱ्या सिरिंजनं थोडा थोडा भरवायचा. या जनावराच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर जखमा भरत नाहीत, असं डॉक्टरनं सांगितलेलं. म्हणून तिच्या औषधाबरोबर भोपळी मिरचीच्या पातळ चकत्या. पहिली चकती म्हातारीनं आपणहून दातात धरली तेव्हा बायको टॉवेलाचा बोळा बाजूला टाकून, तक्रार अर्धवट सोडून दुसरी चकती कापायला उठली. आमच्या घरात हे दुर्मिळ आहे.

अडचण एकच उरली. म्हातारी मान वळवून जखमेशी पोचायची आणि कुरतडायची. कुत्र्यामांजरांना गळ्यात बांधतात तो प्लास्टिकचा शंकू हिला चालणार नव्हता. हे प्राणी आपलीच मऊ लेंडी परत खातात, त्यावरच त्यांचं पोट चालतं. शंकू घातला तर तेही बंद. मी डॉक्टरला फोन करून विचारलं, जाकीट चालेल का? ती म्हणाली, बाजारात मिळतात त्यात हे प्राणी गुदमरतात किंवा निसटून जातात, तुम्ही शिवून बघा, पण सारखं लक्ष ठेवा.

मी दुकानातून टेप घरी आणला. गळा, छाती, पुढच्या पायापासून कमरेपर्यंत लांबी. चार पायांचं गिऱ्हाईक माझ्याकडे कधी आलं नव्हतं. माणसाचं माप उभ्यानं घेतात. ही बसली की पसरायची, चालली की लांब व्हायची, घाबरली की अर्धी व्हायची. पहिलं जाकीट जुन्या बनियनच्या कापडाचं केलं, ते तिला काखेत काचलं. दुसरं सैल झालं. तिनं त्यातून अंग काढून घेतलं आणि ते खायला बसली. बायको म्हणाली, चला, गिऱ्हाइकाला कापड तरी पसंत पडलं.

तिसऱ्याला मी नीट विचार केला. अनेकदा धुऊन मऊ झालेली मलमल घेतली आणि तिरकी, उरेब कापली, म्हणजे अंग हलेल तसं कापड ओढ घेईल. पोट उघडं ठेवलं, ओलं होऊ नये म्हणून. पाठीवर दोन बंद, तिचे दात पोचणार नाहीत अशा जागी. जखमेवर एक झडप, खाली सुटी जाळीदार पट्टी सरकवता येईल अशी, म्हणजे हवा लागेल आणि धुताना जाकीट काढावं लागणार नाही. आणि सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला. शिवण आत लपवणं ही आमच्या धंद्याची इज्जत. कपडा उलटा केला तरी दोऱ्याचं टोक दिसू नये, असं वडिलांनी मारून शिकवलेलं. इथे मी प्रत्येक शिवण बाहेर काढली, आणि आतली बाजू तिच्या नाजूक कातडीला लागेल अशी गुळगुळीत ठेवली. हातशिलाईच केली, मशीनला हात लावला नाही. बायको शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, “एवढं तर तुम्ही माझं लग्नातलं ब्लाउजही मन लावून शिवलं नव्हतंत.” ते खरं होतं. ते गडबडीत झालं होतं.

जाकीट बसलं. म्हातारी थोडा वेळ पुतळ्यासारखी उभी राहिली, मग पिंजऱ्यातल्या सुक्या गवताकडे ताठ मानेनं गेली आणि खायला लागली. मान वळवून जखमेशी जायचा प्रयत्न केला, तोंडात कापड आलं, नाद सोडला. मी जमिनीवर तसाच बसून होतो. हजारो गणवेश शिवले. शाळेच्या मैदानात माझ्या कपड्यांची पोरं रांगेनं उभी पाहिली. पण त्या वीतभर मलमलीचा मला जो अभिमान वाटला, तो कशाचा वाटला नव्हता. हे लिहायला थोडं लाजल्यासारखं होतं, तरी लिहितो.

जखम आतून भरत आली. रोज सिरिंजचं टोक थोडं कमी आत जायचं. पुढच्या तपासणीला डॉक्टरनं म्हातारीपेक्षा जाकिटाकडेच जास्त वेळ पाहिलं. उलटून, ताणून, बंद सोडून. मग आतल्या खोलीतून दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, आणि मला कागदावर बेत, म्हणजे कापायचा नमुना, काढून द्याल का म्हणून विचारलं. मी तिथेच, तपासणीच्या टेबलावर, तिच्या पेननं बेत काढून दिला.

पण संध्याकाळचे कॉल तसेच चालू होते. जाकीट काढून, चांगली बाजू. बायकोनं स्पष्ट सांगितलं होतं की ती माझ्या वतीनं बोलणार नाही आणि मी सांगेपर्यंत गप्पही फार काळ बसणार नाही.

परीक्षा संपवून मुलगी घरी आली. बॅग दारातच टाकून ती पिंजऱ्याकडे वळली, तेव्हा म्हातारीच्या अंगात जाकीट होतं. मी ते मुद्दाम काढलं नव्हतं. ती काही विचारायच्या आत मी म्हणालो, “आधी माझं ऐक. मग तिला घे.” आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चिंचोक्यापासून. कॅप्सूलचंही. ती मरता मरता वाचली, आणि त्यात माझा हात होता, हेही.

मुलगी रडली नाही, ओरडली नाही. म्हातारीला घेऊन आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जेवायला बाहेर आली, पण माझ्याशी बोलली नाही. बायकोला सांगत होती की पुण्यात तिनं मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतलाय, तिथे प्राणी चालतात, म्हातारीला ती जाताना घेऊन जाईल. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी भात कालवत राहिलो. तिचा निर्णय चुकीचा होता असं मला म्हणता येत नव्हतं.

सकाळी जखम धुवायच्या वेळेला दार उघडलं. आता धुण्यासारखं फार उरलं नव्हतं, पण मी सवयीनं सगळं मांडून बसलो होतो. ती समोर येऊन बसली, म्हातारीला टॉवेलात माझ्या पुढ्यात ठेवलं, आणि म्हणाली, कर, मला बघायचंय. मी झडप उघडली, पट्टी काढली, गुलाबी नव्या कातडीवरून सलाईन सोडलं. तिनं शिवणीवरून बोट फिरवलं, आतून, बाहेरून. मग म्हातारीच्या पोटाखाली हात घातला आणि तिचा चेहरा बदलला.

“अप्पा, इथे हात लाव.”

मी लावला. स्तनापाशी वाटाण्याएवढं कडक, न सरकणारं.

“हे कालपर्यंत नव्हतं,” मी म्हणालो. “किंवा होतं आणि मला लागलं नाही. लागलं असतं तर आज सांगितलं असतं.”

तिनं म्हातारीला टॉवेलासकट टोपलीत ठेवलं आणि टोपली माझ्या हातात दिली. मग आम्ही दोघं एचएसआर लेआउटला गेलो. डॉक्टरनं तपासलं, सुईनं थोडं काढून पाहिलं. ही गाठ पुवाची नव्हती, वाढणारी होती. कापता येईल, पण या वयात भूल दिल्यावर ती उठेलच असं नाही. नाही कापली तर काही महिने चांगले जातील, मग त्रास सुरू होईल. दोन्ही मार्ग तिनं सारखेच मांडले आणि थांबली. मुलगी माझ्याकडे वळली.

“तू काय म्हणतोस? हात रोज तुझा असतो हिच्या अंगावर.”

असं मला घरात कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी मान हलवून सुटलो असतो. मी म्हणालो, “नको कापायला. खातेय, चालतेय, शिट्टी मारतेय. तेवढं आहे तोवर असू दे. दुखायला लागेल त्या दिवशी मी ओळखेन, आणि त्याच दिवशी तुला सांगेन. तेव्हा जे करायचं ते करू, आणि मी तिथे असेन.”

डॉक्टर म्हणाली, तिनंही स्वतःच्या जनावराचं हेच केलं असतं.

सुट्टी संपली. मुलीनं बॅग भरली. तिच्या टेबलाखाली म्हातारीला न्यायला आणलेली जाळीची पिशवी तशीच, न उघडलेली पडून होती. बायकोनं विचारलं, म्हातारीची तयारी करायची ना?

मुलगी बुटांच्या नाड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “नाही गं. ती अप्पाकडेच बरी आहे.”

मी आत जाऊन पाणी प्यायलो. तहान लागली नव्हती.